‘लुचाई’ कोणाची? एका भयकादंबरीचे दोन वाचक

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘लुचाई’ या कादंबरीविषयी वाचकांचे एकमत कधीच झालेले नाही. एका पक्षाच्या मते मराठीत इतकी भेदक भयकादंबरी दुसरी नाही. हा पक्ष ती रात्री वाचायला घेऊ नये असे बजावतो आणि स्वतः मात्र ती रात्रीच वाचल्याचे अभिमानाने सांगतो. दुसऱ्या पक्षाने आधी स्टीफन किंग वाचलेला असतो. ‘लुचाई’ची पन्नास-साठ पाने उलटेपर्यंत त्याला किंगची १९७५ सालची ‘सालेम्स लॉट’ ही कादंबरी आठवते आणि मग भीतीची जागा चीड घेते. पुस्तक तेच, पाने तीच. पण एकाच्या अंगावर काटा येतो, तर दुसऱ्याच्या कपाळावर आठी. या मतभेदाचा पाठपुरावा केला, तर मराठी साहित्याच्या अभ्यासातील एक जुनी विसंगती उघडी पडते, असे आम्हांस वाटते.

या दोन पक्षांचे भांडण खरे तर भीतीविषयी नाहीच. कथानक पकड घेते की नाही, उत्कंठा टिकते की नाही, हे मुद्दे दोघांच्याही बोलण्यात दुय्यम असतात. वाद आहे तो उगमाचा. वाचलेले कोणाचे, हे कळल्यावर वाचलेले बदलते का, हा त्यातला खरा प्रश्न होय.

भयकादंबरीच्या इतिहासात हा प्रश्न अगदी पहिल्या पुस्तकापासून आहे. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ ही कादंबरी १७६४च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर वॉलपोलचे नाव नव्हते. एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या, १५२९ साली नेपल्स येथे छापलेल्या इटालियन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी प्रस्तावनेत होती. समीक्षकांनी तिच्यातील अद्भुताला अज्ञानी युगाचे अपत्य म्हणून सांभाळून घेतले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने कर्तृत्व स्वीकारले आणि ‘मंथली रिव्ह्यू’चा सूर पालटला. सुसंस्कृत काळातील माणसाने रानटी भ्रमांचे पुनरुज्जीवन करावे, हे त्याला खपले नाही. वॉलपोलचे पुस्तक अनुवाद म्हणून वाचले गेले आणि स्वतंत्र निघाले. ‘लुचाई’ पुष्कळांनी स्वतंत्र म्हणून वाचली आणि ती रूपांतर निघाली. दिशा उलट, पण वाचकाचा बदललेला चेहरा मात्र सारखाच.

आता आपल्याकडे पाहू. मराठीच्या वर्गात आपण गोविंद बल्लाळ देवल शिकवतो. त्यांचे ‘झुंझारराव’ (१८९०) शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आले. ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’वरून घेतले आणि मर्फीचे नाटक मोलिएरच्या प्रहसनाचे ऋणी आहे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) म्हणजे ‘हॅम्लेट’. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. यांपैकी कोणत्याही नाटकाबद्दल वर्गात ‘चोरी’ हा शब्द उच्चारला जात नाही. उलट, परका ऐवज मराठी मातीत कसा रुजवला, पात्रांची नावे, नाती, बोली कशी बदलली, याचीच चर्चा आपण करतो आणि तीवर प्रश्नही काढतो. हा मान धारपांच्या वाट्याला आला नाही. त्यांचे रूपांतर चर्चेला येते ते बहुधा उघडकीस आलेले गुपित म्हणून.

या भेदाला एक कारण आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शेक्सपिअर व मोलिएर यांना जाऊन शतके लोटली होती. स्टीफन किंग हा हयात लेखक आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने अनुवादाचा आणि रूपांतराचा हक्क मूळ स्वामित्वधारकाला दिलेला आहे. म्हणून दुसऱ्या पक्षाच्या चिडीत न्यायाचा एक अंश आहे. आपण काय वाचतो आहोत हे कळण्याचा वाचकाला हक्क आहे आणि धारपांची पुस्तके नव्याने छापताना मूळ कृतीची ठळक नोंद असणे इष्टच. पण ऋणनिर्देशाचा प्रश्न निकालात काढला, म्हणजे साहित्याचा प्रश्न निकालात निघतो, असे नाही. हे दोन वेगळे निवाडे आहेत आणि एकाचा निकाल दुसऱ्यावर चिकटवण्याची घाई आपण करतो.

याचा पुरावा रक्तपिपासूच्या कथेच्या वंशावळीतच आहे. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून (१८९७) जर्मनीत १९२२ साली मुर्नाऊने ‘नॉस्फेराटू’ हा मूकपट काढला, तो परवानगीवाचून. नावे बदलली होती, तरी स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. काही प्रती तरीही वाचल्या. रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने नष्ट होतो, ही आज सर्वांना ठाऊक असलेली कल्पना या चित्रपटाने रूढ केली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही वावरू शकतो. दिवसा त्याची शक्ती उणावते, एवढेच. म्हणजे कायद्याने गुन्हेगार ठरलेल्या रूपांतराने मूळ कथेला एक नवा अवयव दिला आणि नंतरच्या लेखकांनी तो निःसंकोच वापरला. ‘सालेम्स लॉट’ तरी काय आहे? ड्रॅक्युलाला अमेरिकेतल्या एका लहान गावात आणून सोडले तर काय होईल, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. हे ऋण किंगने वारंवार सांगितले आहे. अशा वंशावळीत ‘लुचाई’ला केवळ शेवटची चोर ठरवण्यापूर्वी तिने काय केले, हे तपासायला हवे.

या तपासणीचा खरा पेच मराठीतच उभा राहतो. पाश्चात्त्य रक्तपिपासूच्या कथेचा आधार म्हणजे पुरलेले प्रेत, थडगे, क्रूस आणि मंतरलेले पाणी. ज्या समाजात बहुसंख्य प्रेतांना अग्नी दिला जातो, तिथे मेलेला उठून येणार कुठून? आपल्याकडची भुते वेगळ्या कुळातली आहेत. मुंजा पिंपळावर असतो, हडळ बाळंतपणात गेलेल्या बाईची असते, ब्रह्मसमंधाला जात आणि विद्या असते, खवीस वेगळ्याच स्वभावाचा. यांच्या कथांत जागेला, विधीला आणि राहून गेलेल्या इच्छेला महत्त्व आहे. ‘संसर्ग’ ही कल्पना नाही. एकाला बाधा झाली म्हणून सारे गाव एकेक करून त्याच्यासारखे होत नाही. किंगच्या कथानकाचा कणा मात्र संसर्ग हाच आहे. हा कणा मराठी देहात बसवताना कोणते स्नायू ताणले गेले, श्रद्धेची कोणती प्रतीके क्रूसाच्या जागी आली, ती तेवढीच पटतात का, हे ‘लुचाई’बद्दल विचारण्याजोगे प्रश्न आहेत. धारपांच्या ‘समर्थ’कथांत अमंगळाशी झुंजणारा, साधनेचे बळ असलेला पुरुष मराठी वाचकाला परका वाटला नाही, कारण सत्पुरुषाची ही प्रतिमा त्याच्या मनात आधीच होती. रूपांतर यशस्वी होते ते अशा आधीच्या तयारीवर.

शिवाय उसनवारी एकाच दिशेने झाली, असेही नाही. प्रेतात शिरून बोलणारा वेताळ आपल्या ‘वेताळपंचविशी’त आहे. रिचर्ड बर्टनने या कथांचे इंग्रजी रूप १८७० साली ‘विक्रम अँड द व्हँपायर’ या नावाने प्रसिद्ध केले. ‘ड्रॅक्युला’च्या २७ वर्षे आधी आपला वेताळ इंग्रजीत ‘व्हँपायर’ झाला होता! त्याने मात्र कोणाकडे ऋणनिर्देश मागितला नाही.

एक तिसरा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. अशा कादंबऱ्या अंधश्रद्धा वाढवतात, असे म्हणणारे वाचक आहेत आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी (२०१३) दीर्घ लढा द्याव्या लागलेल्या महाराष्ट्रात हा आक्षेप पोकळ नाही. सोलापूरसारख्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकत्र नांदणाऱ्या शहरात तर तो शेजारच्या भाषेतूनही ऐकू येतो. यंडमूरी वीरेंद्रनाथ यांच्या ‘तुलसीदळम्’ या लोकप्रिय तेलुगू कादंबरीवर नेमकी हीच टीका झाली. पण ‘मंथली रिव्ह्यू’ने वॉलपोलला जे सुनावले तेही याहून वेगळे नव्हते. भीती वाटणे आणि विश्वास बसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. भयकथेचा वाचक पुस्तक मिटल्यावर दिवा लावतो आणि स्वतःला हसतो. भोंदूकडे गेलेल्या माणसाला ते हसू परवडत नाही. कोणती कृती वाचकाला हसण्याची मोकळीक देते आणि कोणती ती हिरावून घेते, हा भेद प्रत्येक पुस्तकागणिक करावा लागेल. सरसकट निकालाने तो होणार नाही.

मराठी समीक्षेने हे काम का केले नाही? १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ना. सी. फडके यांच्याकडे होते, तर १९४१ साली आमच्या सोलापूरच्या संमेलनाचे वि. स. खांडेकर यांच्याकडे. कलेसाठी कला की जीवनासाठी, या वादाची ही दोन ठळक नावे. त्या वादाने मराठी समीक्षेची भाषा घडवली. पण बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या वाचकाने भाड्याने आणून वाचल्या, त्याच्यासाठी त्या भाषेत शब्दच नव्हता. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. ती ‘कला’ म्हणून कोणी मोजली नाहीत आणि ‘जीवन’ म्हणूनही नाहीत. पुढे रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) गूढकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली, तीही बरीचशी नाटककार म्हणून मिळवलेल्या अधिकारामुळे. धारपांना तो दुसरा दरवाजा नव्हता. त्यांना वाचकाने टिकवले. हिराचंद नेमचंद वाचनालयापासून गल्लीतल्या भाडोत्री वाचनालयापर्यंत ज्याचा वावर, त्या वाचकाने.

आज परिस्थिती पालटते आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या ‘आजी’ कथेची प्रेरणा आहे; ती कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वरून आली आणि चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. २०२४ साली ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. मेन प्रांतातली एक आजी मराठीत आली आणि तिथून कोकणातल्या एका वाड्यात जाऊन इतकी बदलली की तिचे मूळ शोधणे हाच एक अभ्यास व्हावा. हे धारपांच्या मध्यस्थीवाचून घडले नसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या तासाला ‘झुंझारराव’च्या शेजारी ‘लुचाई’ ठेवावी. विद्यार्थ्यांनी ‘ड्रॅक्युला’, ‘सालेम्स लॉट’ आणि ‘लुचाई’ ही तीन पुस्तके समोर घेऊन काय घेतले, काय टाकले, काय नव्याने घातले, याचा तक्ता करावा. धारपांनी केवळ नावे बदलली असे दिसले, तर ते स्पष्ट लिहावे. त्याहून अधिक काही केले असे दिसले, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. आज दोन्ही पक्ष हा तक्ता न करताच बोलत आहेत. एक भीतीच्या आठवणीवर विसंबून आहे आणि दुसरा शोध लागल्याच्या आनंदावर. देवलांच्या बाबतीत आपण हे काम शंभर वर्षे केले. धारपांच्या बाबतीत ते अजून सुरू व्हायचे आहे.