पेटंट सहकार्य करार

पेटंट सहकार्य करार हा एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत पेटंटची (एकस्वाची) मागणी करण्याची सोय देणारा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यावर १९ जून १९७० रोजी वॉशिंग्टन येथे स्वाक्षऱ्या झाल्या. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून त्याचा सदस्य आहे. त्यापूर्वी प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करावा लागे. मुंबईत जन्मलेले संशोधक शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी ब्रिटन व अमेरिकेत अशी पेटंटे मिळवली होती.

कार्यपद्धती

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यासह संपूर्ण महाराष्ट्र मुंबई पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. भारतात प्रथम अर्ज केल्यास त्या तारखेचा अग्रक्रम राखण्यासाठी १२ महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय अर्ज करावा लागतो. त्यानंतर पूर्वज्ञानाचा शोध अहवाल मिळतो व १८ महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्ध होतो. बहुतेक देशांत ३० महिन्यांच्या, तर भारतात ३१ महिन्यांच्या आत राष्ट्रीय टप्प्यात प्रवेश करावा लागतो.

मर्यादा

‘जागतिक पेटंट’ अस्तित्वात नाही. पेटंट द्यावे की नाही, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार ठरवतो. भारतातील रहिवाशाने परदेशात अर्ज करण्यापूर्वी पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३९ नुसार लेखी परवानगी घेणे, अथवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबणे आवश्यक असते. अर्जापूर्वी शोध प्रदर्शनात किंवा लेखातून उघड झाल्यास अनेक देशांत त्याचे नावीन्य, आणि त्यासोबत पेटंटचा हक्कही, नष्ट होतो.