यजमान आणि अतिथी रेणू : मिश्रणातील निवडीचे रसायनशास्त्र

पोकळी असलेला मोठा रेणू आणि त्या पोकळीत सामावणारा लहान रेणू अथवा आयन यांना रसायनशास्त्रात अनुक्रमे 'यजमान' आणि 'अतिथी' असे संबोधले जाते. विद्युतभारांचे आकर्षण, हायड्रोजन बंध अशा तुलनेने क्षीण बलांवर ही जोडी टिकते आणि सुटूही शकते. सुटण्याची ही मुभाच महत्त्वाची. तिच्यामुळे यजमानाला सैल बसलेला अतिथी सोडून अधिक घट्ट बसणारा स्वीकारता येतो.

चार्ल्स पेडरसन यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्राऊन ईथर' संयुगांपैकी काही सोडियमपेक्षा पोटॅशियमच्या आयनाला अधिक घट्ट धरतात. या क्षेत्रातील कार्यासाठी पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांना 1987 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 2003 मध्ये मेरिलँड विद्यापीठातील लायल आयझॅक्स यांच्या गटाने दाखवले, की अनेक रेणुसमूह एकाच द्रावणात मिसळले तरी घटक आपापले जोडीदार शोधतात. यास 'स्वयंवर्गीकरण' म्हणतात. मात्र निकाल केवळ बंधाच्या बळावर ठरत नाही. कोणता घटक किती प्रमाणात आहे यावर जोड्या बदलतात.

रक्तासारखे गुंतागुंतीचे मिश्रण दुसरे नसावे, आणि तेथेच या तत्त्वाची खरी कसोटी लागली. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी रोक्युरोनियम देतात. त्याचा अंमल पुरता उतरला नाही, तर रुग्णाचा श्वास धोक्यात येतो. सुगामाडेक्स हे त्यावरील औषध म्हणजे ग्लुकोजच्या आठ घटकांचे कडे. त्याला जोडलेल्या ऋणभारित भुजांमुळे पोकळी खोल होते आणि रोक्युरोनियमचा धनभार जखडला जातो. रक्तातील मोकळे रोक्युरोनियम असे बंदिस्त झाले, की स्नायूंजवळील साठाही रक्तात परततो व जोडी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. युरोपात 2008 मध्ये, तर अमेरिकेत 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली.

निवड अचूक असली तरी परिपूर्ण नाही. रोक्युरोनियमचाच भाऊबंद असलेले व्हेक्युरोनियमही या पोकळीत बसते. स्टेरॉइडचा सांगाडा नसलेले सक्सिनिलकोलीन मात्र बसत नाही, त्यामुळे तेथे हे औषध निरुपयोगी ठरते. गर्भनिरोधक गोळ्यांतील प्रोजेस्टोजेन संप्रेरकाचा सांगाडाही स्टेरॉइडचाच. तो काही अंशी बांधला जाऊन गोळीचा परिणाम घटू शकतो. म्हणून सुगामाडेक्स दिलेल्या स्त्रियांना पुढील 7 दिवस संप्रेरकविरहित पर्यायी साधन वापरण्याचा सल्ला दिला जातो. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला ही सूचना आठवणीने द्यावी लागते.