सर्पिल वाफा

स्वयंपाकात लागणाऱ्या सुगंधी व औषधी वनस्पतींसाठी वळत्या बांधाने रचलेला, मध्याकडे चढत जाणारा वाफा. पायाचा व्यास साधारण दीड ते दोन मीटर आणि शेंड्याची उंची सुमारे एक मीटर असते. भोवती उभे राहून मध्यापर्यंत हात पोचावा, हा या मापामागचा हिशेब. ही रचना ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचे बिल मॉलिसन (१९२८–२०१६) यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी डेव्हिड होल्मग्रेन यांच्यासह मांडलेल्या पर्माकल्चर या शेतीविचाराचे पहिले पुस्तक १९७८ मध्ये निघाले. रोज लागणारे झाड घराच्या सर्वांत जवळ, हा त्या विचारातला एक नियम; त्यामुळे या वाफ्याची जागा स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी. पुढे जर्मनीतील घरगुती बागांमध्ये तो बराच रुजला.

पाणी खाली उतरते, एवढ्याच गोष्टीवर सगळी रचना उभी आहे. शेंडा लवकर सुकतो, पायथा ओला राहतो. म्हणून रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो या भूमध्य समुद्राकाठच्या, कोरड्या व निकस जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती वर. पार्सली, कोथिंबीर मध्ये. आणि पुदिना तळाशी, जमल्यास एखाद्या लहान डबक्याच्या काठी. सपाट वाफ्यात रोझमेरी आणि पुदिना शेजारी लावले, तर पाण्याच्या बाबतीत दोघांपैकी एकावर अन्याय होतोच.

आकाराचे कौतुक फार होते. काम मात्र भराव करतो. गाभ्यात दगडगोटे व विटांचे तुकडे घालतात. त्यावर शेंड्याकडे भरड वाळू भरपूर मिसळलेली माती टाकतात आणि खाली येताना वाळू कमी करून कंपोस्ट वाढवतात. सगळीकडे एकच खतमाती भरली तर शोभेची वस्तू तेवढी तयार होते. बांध शक्यतो चुना-सिमेंटाशिवाय, दगडावर दगड बसवून रचतात. तापलेले दगड रात्री ऊब सोडतात आणि फटींतून जादा पाणी निघून जाते. नवा भराव दबतो, म्हणून काही आठवडे थांबून, पुन्हा माती घालून मगच लागवड करावी.

युरोपीय पुस्तकांत डबके दक्षिणेला ठेवायला सांगतात, कारण तिथे ऊन दक्षिणेकडून येते. ऑस्ट्रेलियात हे नेमके उलटे. महाराष्ट्रात हा नियम जसाच्या तसा घेण्यात अर्थ नाही. मुंबई-पुण्याला मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळात थोडा उत्तरेलाही जातो. दक्षिण-उत्तर फरक जाणवतो तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात त्रास देते ते पश्चिमेचे ऊन. म्हणून कोथिंबीर, पुदिना पूर्वेच्या अंगाला आणि कोरफड, पानओवा पश्चिमेला व वर लावणे बरे. गवती चहाचे थोंब मोठे होते व शेजाऱ्यांवर सावली धरते, त्याला काठावरची जागा द्यावी. ब्राह्मीला तळाची ओल मानवते. तुळस मध्यात छान वाढेल; अर्थात बहुतेक घरी तिच्यासाठी वृंदावन आधीच असते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, शेंडा आणि पायथा यांच्यातला कोरड्या-ओल्याचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. रोझमेरी व थाइमची मुळे तेव्हा कुजतात. त्यांना कुंडीसकट शेंड्यात पुरून जूनमध्ये पागोळ्यांच्या आत उचलून ठेवणे सोपे पडते. बांधाला कोकणात जांभ्याचे चिरे आणि देशावर काळा दगड सहज मिळतो. डबक्यात डास होतात. त्यात गप्पी मासे सोडायचे नसतील तर इथे डबके न केलेलेच चांगले. पायथ्याची ओल पुदिन्याला पुरते. फटींत बेडूक, सरडे राहायला येतात आणि किडी खातात. विंचूही येतो, तेव्हा अंधारात चाचपडत पाने खुडू नयेत. पुदिन्याची धावती खोडे दोन हंगामांत वरच्या थरांवर चढू लागतात, म्हणून तो बूड कापलेल्या डब्यात लावतात.