कांचेंतील रोपें आणि माणसाचा हात

तळेगाव दाभाडे हें नांव घेतांच इतिहासाच्या वाचकास सेनापति दाभाडे आठवतात. स्वदेशीच्या काळाचा ज्यांस लोभ आहे, त्यांस पैसा फंड आठवतो. दरमाणशीं एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावे, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. तींतून १९०८ सालीं तळेगावास कांच कारखाना निघाला व कांच करण्याची विद्या मराठी मुलखांतील तरुणांस शिकावयास मिळूं लागली. आज त्याच गांवच्या माळावर औद्योगिक महामंडळाचें फूलशेतीचें क्षेत्र आहे, आणि प्लॅस्टिकच्या छपराखालीं गुलाब, कार्नेशन व जरबेरा पिकतात. यांपैकीं जरबेऱ्याचें रोप बहुधा बियांपासून झालेलें नसतें. तें बाटलींत जन्मास आलेलें असतें. कांचेपासून फुलापर्यंतचा हा प्रवास तळेगावास शोभेसा आहे खरा. पण आमच्या विषयाचा तो केवळ दरवाजा होय. बाटलींतील रोपें यंत्राकडून वाढवून घेण्याच्या ज्या खटपटी झाल्या त्यांची, आणि त्या खटपटींत माणसाचा हात अजून कां हटला नाहीं ह्याची, हकीकत आम्हांस सांगावयाची आहे.

वनस्पतीची एकेक पेशी संपूर्ण वनस्पति होण्यास समर्थ असली पाहिजे, हा विचार ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हाबरलांट यांनीं १९०२ सालीं मांडला. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांतील पेशी जगल्या, पण विभागल्या नाहींत. १९३४ सालीं अमेरिकेंत फिलिप व्हाइट यांनीं टोमॅटोचीं मुळें द्रवांत अखंड वाढवून दाखविलीं. १९५७ सालीं स्कूग व मिलर यांनीं सिद्ध केलें कीं, दोन प्रकारच्या वृद्धिद्रव्यांचें प्रमाण बदललें म्हणजे एकाच ऊतीस कधीं मुळें फुटतात, तर कधीं कोंब. पुढें १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं क्षारांचें जें मिश्रण ठरविलें, तें आजही जगभर वापरांत आहे. आणि १९७४ सालीं मुराशिगे व त्यांचे सहकारी यांनीं जरबेऱ्याची कृति प्रसिद्ध केली.

आपला देश ह्यांत मागें नव्हता. दिल्लीस गुहा व माहेश्वरी यांनीं १९६४ सालीं उकिरड्यावरच्या धोत्र्याच्या परागकोशांतून रोपें उत्पन्न केल्याचें कळविलें, तें जगास नवीन होतें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत जगन्नाथन्, मॅस्करेन्हस प्रभृतींनीं हळद, साग अशीं आपल्या घरचीं पिकें व झाडें निवडलीं; सागाची कृति १९८० सालीं प्रसिद्ध झाली. १९९० सालीं तर नाडगौडा, परशरामी व मॅस्करेन्हस यांनीं ‘नेचर’ पत्रांत जाहीर केलें कीं, बाटलींतील बांबूस कांहीं महिन्यांतच फुलें आलीं! बांबू फुलला म्हणजे उंदीर माजतात व दुष्काळ पडतो, असें जेथें पिढ्यान्‌पिढ्या भयानें सांगितलें गेलें, आणि ज्या फुलोऱ्यासाठीं रानांत कित्येक दशकें वाट पाहावी लागते, तो फुलोरा पुण्यास प्रयोगशाळेच्या फडताळांत दिसावा, ह्याचें कौतुक आमच्या साहित्यिकांनीं पुरेसें केलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पण कृति सांपडणें निराळें आणि लाखों रोपें काढणें निराळें. कागदावरचा हिशेब मोठा गोड आहे: एका कोंबाचे दरमहा तीन होत गेले, तर बारा महिन्यांअखेर ५,३१,४४१ होतात. बाटलींत मात्र हें आपोआप होत नाहीं. प्रत्येक कोंब कोणीतरी काढावा, कापावा व समुद्रशेवाळाच्या अगरानें गोठविलेल्या नव्या अन्नांत रोवावा लागतो. म्हणजे केवळ अखेरच्या फेरींत पांच लाखांहून अधिक वेळां रोवणें आलें. आमच्याकडील प्रयोगशाळांत हें काम बहुतेक बायका करतात. तोंडास फडकें, समोर गाळलेल्या हवेचा संथ झोत. (ही हवेची युक्ति अमेरिकेंत १९६० च्या सुमारास व्हिटफील्ड यांनीं अण्वस्त्रांचे भाग धुळीपासून जपण्यासाठीं काढली, ती शेवटीं केळीच्या कोंबांच्या कामीं यावी, हें बरेंच झालें.) चिमट्यानें कोंबांचा झुबका उचलावयाचा, कोणता सशक्त, कोणता पाणथळ, कोणत्या बाटलींत बुरशीचा ठिपका धरला, हें क्षणांत ओळखावयाचें, सुरी चालवावयाची आणि पुढची बाटली घ्यावयाची. पाश्चात्य देशांत रोपाच्या खर्चापैकीं निम्म्याहून अधिक वांटा ह्या मजुरीचा असतो. यंत्राची ओढ प्रथम तिकडे लागली ती यामुळेंच.

ह्या ओढींतून दोन मार्ग निघाले. पहिला, हाताची नक्कल करण्याचा: कॅमेऱ्यानें पाहावें, गणकयंत्रानें पेर शोधावें आणि लोखंडी बोटांनीं कापावें. बटाट्यासारखीं ज्याचीं पेरें स्पष्ट असतात, तेथें हें कांहींसें साधतें. परंतु केळीच्या किंवा जरबेऱ्याच्या झुबक्यांत एक कोंब दुसऱ्यासारखा नसतो, आणि यंत्र गोंधळतें. दुसरा मार्ग आम्हांस अधिक चतुर वाटतो. रोपें द्रवांतच सोडलीं, तर रोवण्याचें काम उरणार नाहीं. १९८१ सालीं जपानांत ताकायामा व मिसावा यांनीं बिगोनिया असा द्रवांत हालवून वाढविला. परंतु सदा बुडालेलीं रोपें गुदमरतात. पानें फुगून कांचेसारखीं होतात व बाहेरच्या हवेंत टिकत नाहींत. तेव्हां रोपास बुडवून ठेवूं नये, न्हाऊं घालावें व पाणी काढून घ्यावें, अशी युक्ति निघाली. १९८३ सालीं हॅरिस व मेसन यांनीं पात्रें आळीपाळीनें कलविणारें यंत्र केलें. १९८५ सालीं टिसेराट व व्हँडरकुक यांनीं पंपानें द्रव भरण्याची व उपसण्याची योजना केली. १९९३ सालीं फ्रान्सांत आल्व्हार, कोत व तेसों यांनीं केळीवर दाखविलें कीं, मधूनमधून अल्पकाळ न्हालेलीं रोपें सर्वांत चांगलीं वाढतात. हवेच्या दाबानें द्रव रोपांपर्यंत चढतो, दाब काढला कीं उतरतो, तत्त्व एवढेंच.

आमच्याकडे मजुरी स्वस्त असतां यंत्र हवें कशाला, असें पुष्कळ शहाणे म्हणतात. हॉलंडांतील कित्येक रोपवाल्यांनींही यंत्रावर पैसा घालण्यापेक्षां पोलंड, भारत अशा देशांत प्रयोगशाळा काढणें पसंत केलें. परंतु क्यूबा तरी कोठें श्रीमंत होता? तेथें एस्कालोना व सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं अननसासाठीं हेंच तत्त्व दोन बाटल्या व एक नळी यांवर आणून ठेविलें. स्वस्त हातांवर विसंबणाऱ्यास असली साधी युक्ति सुचण्याची निकडच उरत नाहीं, हें आमचें मत आहे. आणि तो स्वस्तपणा त्या बायांच्या पगारांतून येतो, हेंही आम्ही विसरूं इच्छीत नाहीं.

तळेगावच्या जरबेरावाल्यास दोन-तीन वर्षांनीं वाफे मोडून नवीं रोपें घ्यावीं लागतात. रोप स्वस्त मिळावें असें त्यास वाटणें योग्यच आहे. यंत्र आलें तर प्रथम जाईल तो रोवणारा हात, निवडणारा नव्हे. परंतु दोन्ही हात बहुधा एकाच बाईचे असतात. पेटंटांच्या कागदांत टाकी, झडप व नळी यांचें वर्णन सविस्तर सांपडतें. कोणता कोंब ठेवावा आणि कोणता टाकावा, हें मात्र नवी मुलगी शेजारच्या बाकावरील जुन्या बाईकडून पाहून पाहून शिकते, पहिल्या कांहीं बाटल्या बुरशीस देऊन.