दरमहा पंचवीस रुपये

काल माळा आवरताना बाबांचं पोस्टाचं पासबुक सापडलं. १९७४ ते १९८१, दरमहा पंचवीस रुपये.

आजोबा चाळीत भाड्याने राहिले. पण १९४७च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. मग भाड्यासाठी घरं बांधणार कोण? मालकीचे फ्लॅट आले, १९६३ साली त्यांचा कायदाही झाला. पगारदारांना घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी निघाली ती १९७७ साली. तरी सुरुवातीची रक्कम आपली आपणच उभी करायची.

पासबुकात शेवटून दुसरी नोंद: एकदम चार हजार जमा. आईला विचारलं.

"पाटल्या," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

त्याच घरात मी वाढलो. आईच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या का, हे कधी विचारलंच नव्हतं.