तारमार्ग-भरपाई
तारमार्ग-भरपाई : खाजगी जमिनीवरून तारा नेल्यामुळे वा तीत खांब, मनोरे उभारल्यामुळे जमीनधारकास द्यावयाचा मोबदला. भारतात १८८५ च्या तार अधिनियमाने तारखात्यास जमिनीची मालकी नव्हे, तर केवळ वापराचा हक्क दिला. मात्र नुकसानीची पूर्ण भरपाई बंधनकारक केली. रकमेविषयीचा वाद जिल्हा न्यायाधीशाकडे जाई. हेच अधिकार वीजवाहिन्या टाकणाऱ्यांना देण्याची तरतूद १९१० व २००३ च्या वीजविषयक अधिनियमांत होती. मालकी शेतकऱ्याकडेच राहत असल्याने भरपाई बहुधा पिके व झाडे यांपुरती मिळे; जमिनीच्या घटलेल्या मूल्याचा प्रश्न वादग्रस्त राहिला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये जमिनीच्या मूल्याच्या ८५% भरपाई मनोऱ्याच्या पायाखालील क्षेत्रासाठी, तर कमाल १५% तारांखालील पट्ट्यासाठी सुचविली. २०२४ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे २००% व ३०% करण्यात आली.