मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा

गिरणीला सुट्टी म्हणजे राणीबाग, असं आजीचं साधं गणित. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ-नऊ माणसं. त्यातली निम्मी कायम पाळीवर, म्हणून तर बाकीच्यांना आडवं व्हायला जागा मिळायची. रविवारी मात्र सगळी एकदम घरात. मग चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी डब्यात भरून चाळीतली चार बिऱ्हाडं ट्रामनं भायखळ्याला निघायची. ट्राम 31 मार्च 1964 ला कायमची बंद झाली, तरी आजीच्या बोलण्यातली राणीबागेची वाट ट्रामचीच राहिली.

आजोबा साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटामुळे घरातही ओरडून बोलायचे. बागेत पोचले की टोपी तोंडावर ओढून झाडाखाली पडायचे आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. पोरं हत्तीवर बसायची, बायका पाय पसरून गप्पा मारायच्या. 1862 साली खुली झालेली ती बाग गिरणगावाला आपलं अंगणच वाटायची.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबत गेले. मामा सांगतो, 1991 चा नियम आला तेव्हा बेकार माणसांनाही हुरूप आला होता. बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेला मालकाला. गॅलरीत उभं राहून माणसं समोरच्या गिरणीत पोरांचं मैदान कुठे होईल ते बोटानं दाखवायची. 2001 साली नियम बदलला: वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेडखालची जमीन मालकाचीच. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. गिरणीत जमीन बहुतेक शेडखालीच असते, हे कुठल्याही बदली कामगारानं सांगितलं असतं. आमच्या पोरांचं मैदान त्या एका दुरुस्तीत गेलं, असं मी मानतो.

राणीबागेतही 2017 साली मोठ्यांचं तिकीट पाचाचं पन्नास झालं. आईबाप आणि दोन मुलांना मिळून शंभर. चाळीतलं कुटुंब चौघांचं नसतं. सोबत मावशी येते, गावाहून आलेला चुलता येतो.

आता महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान व्हायचं आहे. तिथे तिकीट नको, आणि लालबाग-वरळीहून चालत येणाऱ्यांसाठी फाटक हवं. डबा उघडून बसायलाही कुणी मनाई करू नये.